एकाच नांवाचे तीन करपे

पुणें जिल्ह्याच्या आंबेगांव तालुक्यांत, मंचरच्या शेजारीं, अवसरी या नांवाचीं दोन गांवें आहेत. एक अवसरी बुद्रुक व दुसरें अवसरी खुर्द. बुद्रुक म्हणजे बुजुर्ग, थोरलें. खुर्द म्हणजे धाकटें. पुण्यामुंबईच्या माणसाला हा भेद क्षुल्लक वाटेल. पण खुर्दच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयांत जावयास निघालेला परगांवचा विद्यार्थी गाडींत नुसतें 'अवसरी' म्हणाला, तर शेजारचा उतारू 'कोणती?' असें विचारल्याशिवाय राहत नाहीं. सातबाऱ्यावर, लग्नपत्रिकेवर, सोसायटीच्या कर्जाच्या कागदावर, कोठेंहि बुद्रुकाचें खुर्द झालेलें या लोकांना खपत नाहीं. आणि तें खपूं नये हेंच योग्य. एका शब्दाची चूक झाली तर जमीन एकाची आणि बोजा दुसऱ्याचा असा प्रकार व्हावयाचा.

इतक्या चोख लोकांच्या शेतांत उभें राहिलें म्हणजे मात्र एक चमत्कार दृष्टीस पडतो. बटाट्याचें पान करपलें, टोमॅटोचें करपलें, कांद्याची पात करपली, घाटाकडच्या भाताचें पातें करपलें, तर त्या सर्वांना नांव एकच : करपा. आणि सर्वांवर उपायहि एकच : औषध मारणें. ज्या प्राण्यांत व वनस्पतींत जितकें अंतर नाहीं तितकें अंतर ज्यांच्यामध्यें आहे असे तीन निरनिराळे जीव या एका शब्दाच्या घोंगडीखालीं सुखानें निजलेले आहेत. अवसरीच्या बाबतींत बुद्रुक-खुर्द न ओळखणाऱ्याला जे लोक हसतात, तेच लोक येथें थोरलें-धाकटेंच काय, पण गांव कोणतें, जिल्हा कोणता, याचीहि चौकशी न करतां पत्र पेटींत टाकून मोकळे होतात.

गेल्या पावसाळ्यांत अवसरी बुद्रुक येथें आम्हीं जें पाहिलें त्यावरून हा लेख लिहिण्याची आम्हांला बुद्धि झाली. बांधावर दोनशें लिटरचें प्लास्टिकचें पिंप भरून ठेविलेलें होतें. त्यांत आधीं बुरशीनाशक पडलें. मागून कीटकनाशक पडलें. नंतर जीवाणूंवर चालणारें प्रतिजैविक, म्हणजे आपण ज्याला अँटिबायोटिक म्हणतों त्याची पूड, एका लहान पुडींतून पडली. त्यावर पीक हिरवेंगार दिसावें म्हणून कसलेंसें टॉनिक. आणि सर्वांत शेवटीं, ज्या पिशवीवर 'मित्रबुरशी' असें ठसठशीत छापलेलें होतें, ती ट्रायकोडर्माची भुकटी ! बुरशी मारण्याचें विष ज्या पाण्यांत पांच मिनिटांपूर्वीं घातलें, त्याच पाण्यांत पैसे देऊन विकत आणलेली जिवंत बुरशी. आम्हीं यजमानांना भीत भीत विचारलें. ते म्हणाले, "आवं पाव्हणं, दुकानदारानं दिलंय. यातलं एक तरी लागू पडंलच की." त्या उत्तरांत मूर्खपणा नव्हता; चार हंगाम बुडालेल्या माणसाचा तो हिशेब होता. परंतु हिशेब चुकीचा होता, आणि तो चुकीचा कां याची आम्हां शिकलेल्या लोकांना लाज वाटली पाहिजे.

प्रथम करप्याचीच फोड करूं. बटाट्यावर जो लवकर येणारा करपा पडतो तो अल्टर्नेरिया नांवाच्या बुरशीचा. खालच्या, जुन्या पानांवर तपकिरी, कोरडे ठिपके. त्यांत एकांत एक अशीं वर्तुळें, जणूं नेमबाजीची पाटी. कांद्यावरचा जांभळा करपा हाहि तिच्याच भाऊबंदांपैकीं. ही खरी बुरशी. ढगाळ, गार, दमट हवेंत बटाट्यावर जो दुसरा, उशिरा येणारा करपा तुटून पडतो, पानाच्या कडेला पाण्यांत भिजल्यासारखे काळपट डाग पाडतो, सकाळीं पान उलटून पाहिलें तर खालीं पांढरी लव दाखवितो आणि आठवड्याभरांत उभा मळा सडवितो, तो फायटॉफ्थोरा इन्फेस्टन्स. हा तंतूंनीं वाढतो, बीजुकें सोडतो, सर्व ढंग बुरशीचे करतो. पण तो बुरशी नव्हे. त्याच्या पेशीची भिंत मुख्यतः सेल्युलोज व तत्सम द्रव्यांची. खऱ्या बुरशीची भिंत कायटिनची. त्याचीं बीजुकें पाण्यांत दोन शेपट्या हलवून पोहतात. त्याचे खरे सोयरे समुद्रांतील तपकिरी शेवाळ व डायाटम हे आहेत. ऊमायसीट हें या कुळाचें शास्त्रीय नांव. शेतांत रुळलेलें मराठी नांव त्याला अजून नाहीं. आणि भाताचा कडा करपा हा या दोहोंपैकीं एकहि नव्हे. तो झँथोमोनास नांवाच्या जीवाणूचा, म्हणजे ज्याच्या पेशींत केंद्रक सुद्धां नाहीं अशा एकपेशी जीवाचा. याप्रमाणें एका शब्दाखालीं तीन सृष्टि झाल्या.

'असेनात कां तीन !' असें म्हणणारे वाचक आम्हांला दिसत आहेत. 'पान करपल्याशीं कारण. करपविणारा कोणत्या कुळांतला याची वंशावळ कशाला?' वंशावळ अशासाठीं कीं विष हें कुलूप पाहून किल्ली घालावी तसें चालतें. ज्यांच्या नांवाच्या शेवटीं 'कोनॅझोल' येतें तीं बुरशीनाशकें बुरशीच्या पेशींतील अर्गोस्टेरॉल नांवाचें द्रव्य तयार होण्याची वाट अडवितात. उशिरा येणारा करपा तें द्रव्य तयार करीतच नाहीं. आपल्याला लागणारें तो यजमान झाडाकडूनच उपटतो. जी वाटच नाहीं ती अडवून काय होणार ? उलट मेटॅलॅक्सिल हें ऊमायसिटांवर चालतें, पण अल्टर्नेरियावर त्याचा इलाज नाहीं. प्रतिजैविक जीवाणूच्या प्रथिनें घडविणाऱ्या यंत्राला धरतें. बुरशीचें यंत्र निराळ्या घडणीचें असल्यानें ती त्या माऱ्यांतून निवांत सुटते. आतां मॅन्कोझेबसारखें सरसकट चालणारें विषहि आहे हें आम्ही प्रामाणिकपणें मान्य करतों. पण तें पानावर आधीं बसलेलें असेल तर बीजुकाला आंत शिरूं देत नाहीं इतकेंच. रोग आंत शिरल्यावर तें मारणें म्हणजे चोर घरांत कोंडून बाहेरून कडी लावणें. म्हणजे पुन्हा आधीं कळलें पाहिजे, काय येणार, केव्हां येणार आणि कां येणार.

या एका गफलतीची किंमत मनुष्यजातीनें पूर्वीं मोजलेली आहे. १८४५ सालीं आयर्लंडांत हाच उशिरा येणारा करपा शिरला. पुढल्या कांहीं वर्षांत सुमारें दहा लक्ष माणसें भुकेनें व रोगानें मेलीं आणि जवळजवळ तितकींच देश सोडून गेलीं. इंग्रज सरकारची कठोर राजनीति त्या संहाराला किती कारण झाली हा निराळा विषय आहे, आणि लहान नाहीं. पण आमच्या मुद्द्याची गोष्ट अशी कीं त्या वेळीं विद्वानांनीं हवेला दोष दिला, विजेला दिला, बटाट्याचें वाण म्हातारें झालें असेंहि सांगितलें. माइल्स बर्कले नांवाच्या एका पाद्र्यानें १८४६ सालीं सूक्ष्मदर्शकांतून पाहून स्पष्ट लिहिलें कीं पानावरची ही बारीक लव रोगाचा परिणाम नसून रोगाचें कारण आहे. त्याला हसणारे पुष्कळ निघाले. लव ही सडण्यामुळें येते, लवेमुळें सडत नाहीं, हा त्यांचा युक्तिवाद आजहि पारावर ऐकूं येतो. १८६१ सालीं जर्मन शास्त्रज्ञ अँटन द बारी यानें निरोगी पानांवर बीजुकें सोडून रोग उत्पन्न करून दाखविला तेव्हां वाद मिटला. पाश्चरचें व कॉखचें नांव रोगजंतूंच्या संबंधांत आपल्या मुलांना पाठ असतें. बटाट्याच्या पानावर त्यांच्याआधीं झालेलें हें काम त्यांच्या कानीं सुद्धां नसतें. बटाटा काय, आणि कॉलरा काय ! एक ताटांतला, दुसरा घरांतला.

आतां दोष कोणाचा ? शेतकऱ्याला अडाणी म्हणून मोकळें होण्याची जी संवय आमच्या वर्गाला आहे तिचाच आम्हांला येथें समाचार घ्यावयाचा आहे. घाटाकडचा महादेव कोळी पावसाळ्याच्या पहिल्या सरींनंतर वारुळावरची अळंबी कोणती, पोटांत घालण्याजोगी कोणती आणि जीव घेणारी कोणती हें नजरेनें सांगतो. त्यांत चूक झाली तर परीक्षा पुन्हा देतां येत नाहीं. भेद ओळखण्याची शक्ति या लोकांत कमी आहे असें म्हणण्यास आम्ही तयार नाहीं. भेद त्यांना सांगितलाच गेला नाहीं, आणि ज्यांना सांगितला गेला त्या आम्ही काय केलें ? आमच्या मुलांना शाळेंत आजहि व्हिटेकर यानें १९६९ सालीं मांडलेली पंचसृष्टि शिकवितात : मोनेरा, प्रोटिस्टा, कवक, वनस्पति, प्राणी. मुलगा पांच नांवें घडाघडा म्हणतो, पांचापैकीं पांच गुण आणतो, आणि घरीं आल्यावर सर्दी झाली म्हणून आई त्याला मागल्या खेपेच्या उरलेल्या अँटिबायोटिकची गोळी देते. सर्दी विषाणूची, गोळी जीवाणूवरची. पंचसृष्टि वहींत, आणि पिंप पोटांत ! अवसरीच्या पिंपांत आणि आमच्या औषधांच्या डब्यांत फरक कोणता असेल तर तो एवढाच, कीं शेतकऱ्याला पीक वांचवावयाचें असतें. आम्हांला दुसऱ्या दिवशीं कचेरींत जावयाचें असतें.

प्रतिजैविकांचा विषय निघालाच आहे तर दोन शब्द अधिक. पिकांवर मारण्याच्या त्या लहान पुडींत स्ट्रेप्टोमायसीन व टेट्रासायक्लीन असतात. स्ट्रेप्टोमायसीन हें १९४३ सालीं सांपडलें आणि क्षयाच्या रोग्याला जीवदान देणारें तें पहिलें औषध ठरलें. जीवाणूंची पिढी कित्येकदां अर्ध्या तासांत पालटते. थोड्या, चुकीच्या, वारंवार माऱ्यांतून जे तगतात त्यांचेंच बेणें पुढें वाढतें, आणि तगण्याची ही विद्या एका जातीचा जीवाणु दुसऱ्या जातीच्या जीवाणूला हातोहात देऊं शकतो. शेतांत जें शिकलें जातें तें इस्पितळांत जाऊन पोंचावयास मधें भिंत नाहीं. केंद्र सरकारनें डिसेंबर २०२१ मध्यें या दोन द्रव्यांच्या शेतींतील वापरावर बंदी घालण्याचा मसुदा प्रसिद्ध केला तो याच भयानें. आम्ही म्हणतों, मसुदे निघोत. पण ज्याला जीवाणु आणि बुरशी यांतला भेद ठाऊक नाहीं त्याला ती पूड आपण उगाच मारीत आहों हें कसें कळावें? आणखी एक गंमत. स्ट्रेप्टोमायसीनचा मारा जास्त झाला म्हणजे झाडाचें पान पिवळें-पांढुरकें पडूं लागतें. कां ? तर पानाला हिरवेपणा देणारे जे हरितकण, ते मुळांत फार प्राचीन काळीं एका पेशीनें गिळलेले व आंतच नांदावयास लागलेले जीवाणु होत. लिन मार्ग्युलिस या बाईंनीं १९६७ सालीं हा विचार जोरानें पुढें मांडला. तेव्हां त्यांचीहि थट्टा झाली, आणि आतां तो पाठ्यपुस्तकांत आहे. जीवाणूवर सोडलेला बाण झाडाच्या पोटांतल्या जीवाणूच्या वंशजालाहि लागतो. हें समजण्यास शेतकऱ्याला पदवी नको. पिंवळें पान त्याच्यापुढें रोजच असतें. त्याला तें 'खताची कमतरता' म्हणून सांगण्यांत येतें, आणि आणखी एक पिशवी खपते.

नांवांच्या बाबतींत शास्त्रज्ञहि फसलेले आहेत हें आमचे प्रतिपक्षी आम्हांला सुनावतील, म्हणून आम्हीच सांगून टाकतों. लिनीयसनें १७५३ सालीं बुरशीला खुशाल वनस्पतींत बसविलें, आणि दोनशें वर्षें ती तेथें बसून राहिली. वास्तविक तिला हरितद्रव्य नाहीं, ती आपलें अन्न स्वतः तयार करीत नाहीं, साठा करते तो पिष्टाचा नव्हे तर आपल्या यकृतांत असतो तशा ग्लायकोजेनचा, आणि तिच्या भिंतींतलें कायटिन तेंच, ज्याचें खेंकड्याचें कवच व झुरळाची पाठ बनलेली असते. कुळ पाहूं गेल्यास बुरशी झाडापेक्षां आपल्याला अधिक जवळची. ज्या आज्या अळंबीची भाजी 'कसली तरी मांसासारखी' म्हणून सोंवळ्यांत शिवत नसत त्यांना आम्ही कॉलेजांत असतांना फार हसलों होतों. वर्गीकरणाच्या दृष्टीनें त्या लिनीयसपेक्षां सत्याच्या जवळ होत्या असें आज कबूल करावें लागतें. (अळंबी शाकाहारी कीं मांसाहारी हा वाद मात्र आम्ही घरांतल्या वडीलधाऱ्यांवर सोंपवितों, त्यांत पडण्याइतकें धैर्य आमच्यापाशीं नाहीं.) तसेंच स्ट्रेप्टोमायसीज या नांवाच्या शेवटीं बुरशीवाचक ग्रीक शब्द आहे, तंतूसारखी वाढ पाहून पूर्वीच्या पंडितांनीं तिला बुरशीच मानलें होतें. ते निघाले जीवाणु. पहिल्या पावसानंतर मातीचा जो सुगंध सुटतो व ज्यावर आमच्या कवींनीं रीमच्या रीम कागद खर्चीं घातले आहेत, तो सुगंध मुख्यतः याच जीवाणूंच्या जिओस्मिन नांवाच्या द्रव्याचा. याच कुळांतील एका जीवाणूला शास्त्रांत आमच्या पिंपरीचें नांव मिळालेलें आहे : स्ट्रेप्टोमायसीज पिंप्रिना. पिंपरीस १९५४ सालीं स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या प्रयोगशाळेंत डॉ. थिरुमलाचार व त्यांचे सहकारी यांनीं त्यापासून हॅमायसीन हें बुरशीवरचें औषध काढलें, आणि तेथेंच पिकांच्या बुरशीरोगांवरचें ऑरिओफंगिन हेंहि निघालें. जीवाणु बुरशीशीं लढतो, त्या लढाईंतलें शस्त्र माणूस उचलतो. हें ज्या जिल्ह्यांत घडलें त्याच जिल्ह्यांत बुरशी आणि जीवाणु यांना एकच करपा म्हणावें काय?

शास्त्रज्ञ चुकले, हें खरें. पण चुकल्याचें कळतांच त्यांनीं नांव बदललें. कार्ल वूझ यानें १९७७ सालीं दाखविलें कीं ज्यांना सरसकट जीवाणु म्हणत आलों त्यांत आर्किया म्हणून एक सर्वस्वीं निराळें घराणें दडलेलें आहे. तेव्हां व्हिटेकरच्या पंचसृष्टीलाहि धक्का बसला. 'रोज नांवें बदलणाऱ्या शास्त्रावर विश्वास कोणी ठेवावा ?' असें विचारणाऱ्यांना आम्ही उलट विचारतों, कीं पन्नास वर्षें एकच नांव न बदलणाऱ्या दुकानावर कां ठेवितां ?

दुसरा एक आक्षेप अधिक आदराचा आहे. तो असा कीं, 'आमच्या आजोबांना कोठें सूक्ष्मदर्शक होता ? तरी शेती होतच होती ना ?' होत होती. आणि आजोबांपाशीं सूक्ष्मदर्शक नसला तरी बेवड हा शब्द होता. हरभऱ्याचा बेवड चांगला, अमक्या पिकाचा बेवड वाईट, ही भाषा या पट्ट्यांतले म्हातारे आजहि बोलतात. मागल्या पिकानें जमिनींत काय मागें ठेविलें याचा तो हिशेब. हरभरा, वाटाणा, भुईमूग उपटून पाहा. मुळावर गांठी दिसतील, आणि जिवंत गांठ नखानें फोडली तर आंत गुलाबी रंग दिसेल. त्या गांठींत रायझोबियम जीवाणु राहतो, हवेंतला नत्र पकडून झाडाला देतो आणि बदल्यांत साखर घेतो. हेलरीगेल व विल्फार्थ या दोघां जर्मनांनीं १८८० नंतरच्या दशकांत हें सिद्ध केलें. आजोबांना कार्य ठाऊक होतें, कारण ठाऊक नव्हतें. नातवाला दोन्ही ठाऊक नाहींत. त्यानें बेवड सोडला, आणि गांठी करणारा जीवाणु पिशवींतून विकत आणला. तोहि कधीं कधीं कांद्यासाठीं, ज्याच्या मुळावर तो गांठ करीतच नाहीं! कांद्याचा सोबती निराळा. त्याचीं मुळें तोकडीं, विरळ. तीं स्फुरदासाठीं मायकोरायझा नांवाच्या बुरशीवर फार अवलंबून असतात. ती बुरशी मुळांत शिरून आपले तंतु लांबवर पसरते व झाडाला स्फुरद पुरविते. जगांतल्या बहुतेक झाडांची कोणत्या ना कोणत्या बुरशीशीं अशी भागीदारी आहे, आणि वनस्पति प्रथम जमिनीवर आल्या त्या काळच्या, चाळीस कोटि वर्षांपूर्वींच्या दगडांतहि ती सांपडते. स्फुरदाचें खत भरमसाट ओतलें कीं झाडाला भागीदाराची गरज उरत नाहीं आणि भागीदार निघून जातो. पुढल्या वर्षीं खत आणखी लागतें. म्हणून आजोबांचा दाखला देणाऱ्यांनीं तो पुरा द्यावा, अर्धा देऊं नये.

विषाणूचें प्रकरण तर याहूनहि उद्वेगजनक. २०२० च्या उन्हाळ्यांत जुन्नर, नारायणगांव, अकोलें, संगमनेर या टापूंत टोमॅटोवर असा रोग पडला कीं फळावर रंगाचे पट्टे येऊन तें आंतून सडूं लागलें. लोकांनीं त्याला 'तिरंगा' हें नांव दिलें. टाळेबंदीचे दिवस, माणसांच्या विषाणूची भीति देशभर, त्यांतच टोमॅटोपासून माणसाला रोग होतो अशी आवई कोणीं उठविली आणि चांगला माल सुद्धां पडून राहिला. बंगळुरूच्या फलोत्पादन संशोधन संस्थेंत नमुने तपासले तेव्हां काकडीवरील मोझॅकचा विषाणु त्यांत निघाला. हा माव्यामार्फत झाडाझाडांत पसरतो. माणसाचें तो कांहीं करीत नाहीं. त्याला फवारून मारण्याजोगें औषधहि नाहीं. मावा आवरणें, रोगट झाड वेळींच उपटणें, रोपें निरोगी घेणें, इतकेंच हातीं. त्या दिवसांत पुण्यामुंबईंतल्या ज्या सुशिक्षित गृहिणींनीं भाजीवाल्याचे टोमॅटो परत केले त्यांच्यापैकीं किती जणींनीं शाळेंत जीवशास्त्राला विशेष प्राविण्य मिळविलें होतें, याची मोजदाद कोणीं करावयास पाहिजे होती.

या गृहिणींवर आमचा राग नाहीं. त्यांच्याच स्वैंपाकघरांत आम्हांला आशा दिसते. दह्याचें विरजण किती कोमट दुधांत लावावें, तें थंडींत कोठें ठेवावें, आंबलें तर पुढल्या खेपेस काय करावें, हें ज्या बाईला कळतें ती जीवाणूंची शेतीच करते. (२०१२ सालीं भारत सरकारनें दह्याच्या एका जीवाणूला राष्ट्रीय सूक्ष्मजीव ठरविलें, ही बातमी त्या वेळीं फारशी कोणी वाचलेली दिसत नाहीं.) त्याच बाईच्या घरांत साबणाची जाहिरात 'जंतूंचा नायनाट' असें ओरडते, आणि ती मान डोलावते. कोणते जंतु ? आपल्या देहांतच, २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका हिशेबाप्रमाणें, सुमारें ३८ लक्ष कोटि जीवाणु आहेत, म्हणजे जवळजवळ आपल्या स्वतःच्या पेशींइतके. सगळ्यांचा नायनाट झाला तर नायनाट झाल्याचें सांगावयास आपण उरूं कीं नाहीं याची शंकाच आहे. हात धुवूं नयेत असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. धुवावेत, आणि जेवणाआधीं तर अवश्य धुवावेत. आमचें भांडण त्या एका शब्दाशीं आहे. संस्कृतांत जंतु म्हणजे कोणताहि जीव. मराठींत पोटांतला जंत निराळा, जखमेंतला जंतु निराळा, धान्याला लागते ती कीड निराळी, आणि आपण बोलतांना सर्वांची मोट एकाच दोरीनें बांधतों. 'औषध' हा शब्द तसाच. विषाला औषध म्हणण्याची रीत ज्यानें पाडली त्याला धंद्याचें मर्म कळलें होतें. औषध थोडें जास्त झालें तर काय बिघडलें, असें माणूस म्हणतो. विष थोडें जास्त झालें तर, असें म्हणतांना त्याची जीभ अडखळली असती.

आमचें मागणें मोठें नाहीं. पुण्यांत प्रो. शंकर पुरुषोत्तम आगरकर यांच्या पुढाकारानें १९४६ सालीं स्थापन झालेल्या विज्ञानवर्धिनीची, म्हणजे आजच्या आगरकर संशोधन संस्थेची, बुरशींची मोठी संग्रहशाळा आहे. ती संस्था मंचरपासून साठएक किलोमीटरवर. नारायणगांवास कृषि विज्ञान केंद्र आहे. खुर्दला अभियांत्रिकीचीं मुलें आहेत, तीं सूक्ष्मदर्शक दुरुस्त करूं शकतात. बुद्रुकच्या शाळेंत एक चालू सूक्ष्मदर्शक व चार स्वच्छ कांचा असाव्यात, आणि करपलेलें पान घेऊन येणाऱ्याला तो पाहूं द्यावा. कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशांत असूं नये. विक्रेत्यानें बिलावर औषधाचें नांव लिहितो तसें तें बुरशीवर, ऊमायसिटावर, जीवाणूवर कीं किडीवर, हेंहि मराठींत लिहावें. भाषेच्या अभ्यासकांनीं उशिरा येणाऱ्या करप्याच्या त्या पोहणाऱ्या कुळाला एक सुटसुटीत नांव द्यावें, जें बांधावर उभ्यानें उच्चारतां येईल.

सूक्ष्मदर्शक येईपर्यंत थांबण्याचें कारण मात्र नाहीं. बटाट्याचें किंवा टोमॅटोचें झाड हिरवेंच्या हिरवें एकाएकीं माना टाकूं लागलें, तर त्याला सारे 'मर' म्हणतात. आणि मरहि बुरशीची असते तशीच जीवाणूचीहि असते. अशा झाडाचें बुडख्याजवळचें खोड चार बोटें कापावें, कांचेच्या पेल्यांत स्वच्छ पाणी घेऊन तें त्यांत लोंबतें धरावें, आणि हात हलूं देऊं नये. कांहीं मिनिटांत कापलेल्या टोंकाकडून दुधासारखा बारीक धागा खालीं ओघळूं लागला तर तो जीवाणूंचा लोंढा आहे. मग बुरशीनाशकाची बाटली तशीच परत न्यावी. धागा नाहीं दिसला तर बुरशीची शंका धरावी. हा प्रयोग आम्हीं यजमानांच्या ओसरीवर त्यांच्या नातीकडून करविला. धागा दिसला. म्हातारे बराच वेळ पेल्याकडे पाहत राहिले, आणि मग त्यांनीं विचारलें कीं मंचरला पंजाबचें बेणें उतरतें तें आपण ज्या विळ्यानें कापतों, तोच विळा एका बटाट्यावरून दुसऱ्यावर जातो, त्याचें काय ? आम्हीं सांगितलें, विळे दोन ठेवा. एक हातांत, दुसरा जंतुनाशकाच्या पाण्यांत, आणि आंत तपकिरी डाग दिसेल तो बटाटा टोपलींत टाकूं नका. तेवढ्यांत नातीनें तो पेला उचलून उजेडाकडे धरला होता.